नवस सासूचा, तळपाय माझा

माझ्या सासूनं देवीपुढं नवस बोलला तेव्हा मी तिच्या शेजारीच हातात नारळ धरून उभी होते. डोळे मिटून ती म्हणाली, "माय, माझं लेकरू नोकरीत कायम होईस्तोवर माझी सून पायात चप्पल घालणार न्हाई." सून म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, बोलायच्या आधी मला सांगायचं तरी." तर म्हणते कशी, "माझे गुडघे बराबर असते तर म्याच केलं असतं." गुडघ्याचा आणि चपलेचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. मी पायरीवर सोडलेली चप्पल तिनं तिथंच एका म्हातारीला देऊन टाकली. दिवाळीत घेतलेली, चांगली चप्पल.

नवरा वसमतकडच्या विजेच्या एका सबस्टेशनात कंत्राटावर. आठ वर्षं झाली, कायम करायची यादी येणार येणार म्हणून राहिलेत. घरी येऊन मी त्याला नवसाचं सांगितलं तर हसला. "माझा न्हाई बा असल्या गोष्टींवर विश्वास. पण आईचं मन राहू दे." मन तिचं राहिलं आणि मी अनवाणी कुरुंद्याच्या बाजाराला जाऊ लागले.

चार महिन्यांत टाचेच्या पुढं काहीतरी टोचू लागलं. वाटलं, बाभळीचा काटा मोडला असेल. सुईनं उकरलं, रक्त आलं, काटा काही निघाला नाही. गावातल्या नळावर पाण्याला उभं राहिलं की बायका पाय वर करायला लावून बघायच्या. एक म्हणाली कुरूप आहे, दुसरी म्हणाली भोवरी आहे. सगळ्यांना माझ्या पायाचं सगळं ठाऊक. चप्पल घाल, एवढं मात्र एकीच्याही तोंडून निघालं नाही, कारण नवसाची गोष्ट गावभर झाली होती.

पहिला इलाज सासूचा. बिबा. दाभणाला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं उकळतं तेल त्या जागेवर टेकवलं. मी ओरडले. ती म्हणाली, "एवढ्याशानं काय होतंय, आमी तर बाळंतपणातबी रडलो न्हाई." दुसऱ्या दिवशी बिबा उतला. घोट्यापर्यंत पाय सुजला, फोड आले, खाज अशी की झोप नाही. दहा दिवस मी टाच टेकवू शकले नाही, तरी हळद काढायला गेलेच, कारण माणसं मिळत नव्हती. फोड बसले आणि जुनं दुखणं होतं तिथंच राहिलं. सासू म्हणाली, "तुझं अंगच वंगाळ." मला तिचा इतका संताप आला की दोन दिवस तिच्या ताटात मी भाकरी ठेवली, शब्द ठेवला नाही.

मग कुरुंद्याच्या मेडिकलमधून कुरूपाची पट्टी आणली. गोल पट्टी, मधोमध औषधाचा ठिपका. चिकटवायची, दोन-तीन दिवस ठेवायची, पांढरं पडलेलं कातडं काढायचं आणि पुन्हा नवी लावायची. वाईट नव्हती. पण अनवाणी बाईच्या तळपायाला पट्टी किती वेळ टिकणार? वावरात गेलं की सकाळची पट्टी दुपारी ढेकळात. मेडिकलवाला म्हणाला, "ताई, वरून मोजे, चप्पल घाला." मी म्हणाले, "तुमीच येऊन माझ्या सासूला सांगा." तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

नंतर वसमतचे गोड गोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी पाय बघायच्या आधी अर्धा तास स्वभाव विचारला. ऊन सोसतं का, गोड आवडतं का, राग येतो का. म्हणाले, "राग कुणाचा येतो?" मी म्हणाले, "तुमचा कागद पुरायचा न्हाई." हसले, खाली मान घालून लिहीत राहिले. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, कांदा सोडला. पायात फरक शून्य, उलट एकाच्या शेजारी दोन बारकी उगवली.

शेवटी मी नांदेडला कातड्याच्या डॉक्टरकडं गेले. नवरा सोबत आला, पण बाहेर बाकड्यावर फोन बघत बसला. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, ब्लेडनं वरचं कातडं खरवडलं आणि आरशात दाखवलं. आत काळे ठिपके. म्हणाल्या, "हे कुरूप नाही, चामखीळ आहे. विषाणूनं होते. ओल्या जागी, अनवाणी पायाला लवकर लागते. घरातल्या दुसऱ्यालाही लागू शकते." म्हणजे दीड वर्ष गावानं जे उकरलं, भाजलं, ते दुसऱ्याच दुखण्याचे इलाज होते.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, थंड वायूनं गोठवायची, दर तीन आठवड्यांनी यायचं. दुसरी, घरी रोज पाय कोमट पाण्यात बुडवायचा, मऊ झालेलं कातडं घासायचं आणि वर जळजळणारं औषध लावायचं, तेही महिनोन् महिने. मी विचारलं, चांगलं कोणतं? त्या म्हणाल्या, "दोन्हींनी जाते, दोन्हींनी राहतेही. कधी आपोआप जाते. पण काहीही करा, अनवाणी फिरू नका." मी गोठवून घेतलं. थंड म्हणतात आणि चटका लागतो. तरी बिब्यापुढं ते काहीच नव्हतं, आणि इथं निदान बाईनं आधी "दुखेल हं" म्हणून सांगितलं.

बाहेर पडले ती सरळ बसस्टँडसमोरच्या दुकानात. काळी रबरी चप्पल घेतली, मऊ तळाची. पाय आत गेला आणि मला रडू आलं. नवरा म्हणाला, "आता घरी काय सांगायचं?" मी म्हणाले, "चप्पल घेतली म्हणून सांगायचं."

सासूनं दारातच बघितलं. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझ्या लेकराच्या पोटावर पाय देऊन राहिली तू." त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा बंद. पाहुणे आले की त्यांच्यासमोर माझ्या चपलेकडं बोट. नवरा म्हणाला, "थोडं जमवून घे, घरात शांतता पाहिजे." मी म्हणाले, "नोकरी तुमची, नवस तुमच्या आईचा. काढा बूट, तुमी फिरा अनवाणी." तर म्हणतो, "ड्युटीवर अनवाणी कसं जमंल, करंट लागंल." त्याच्या जिवाची काळजी त्याला बराबर होती. मी चप्पल घातली आणि वावरात गेले.

सहा महिने मी ती काढली नाही, घर आणि देवघर सोडून. चार वेळा नांदेड, आणि मधल्या दिवसांत रोज पाण्यात पाय, घासणं, औषध. बारक्या दोन्ही गेल्या. मोठी सपाट झाली. एका सकाळी मी नळावरून दोन हंडे घेऊन घरी आले आणि हंडे उतरवल्यावर लक्षात आलं, आज दुखलं नाही.

त्याच महिन्यात यादी आली. मी अंगणात भांडी घासत होते. नवरा बाजेवर बसून फोनवर नावं खालवर करत होता. एकदा केलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. सासू जवळ जाऊन उभी राहिली. "न्हाई ना?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. दहा वर्षं खांबावर चढलेला माणूस. मी हात धुऊन उठणार, तेवढ्यात त्यानं मान वळवली आणि माझ्या पायाकडं बघितलं. दोन वर्षांत त्यानं माझा पाय बघितला नव्हता. सुजला तेव्हा नाही, फोड आले तेव्हा नाही. एकदा दाखवायला गेले तर "जेवताना कशाला" म्हणाला होता. आता बराच वेळ बघत राहिला.

"थोडे दिवस काढून ठेवली असती तर काय बिघडलं असतं," तो म्हणाला.

सासू आत निघून गेली. तिला बोलायची गरजच राहिली नव्हती.