कुंकवाची रेघ

टक्... टक्... टक्... थंड इंजिन जागं होताना वरच्या झाकणाखालून येणारा व्हॉल्व्हचा तो कोरडा, लयबद्ध ध्वनी मला लहानपणापासून प्रिय. पण गेल्या आश्विनापासून तो कानी पडला की चहाचा कप हातातच राहतो. खरं सांगू? अजूनही विश्वास बसत नाही!

नांदेडला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकचं इंजिन उघडलं होतं. ट्रक चालवतो माझा थोरला भाऊ, दादा. सोयाबीन भरून बालाघाटाचे चढ ओलांडत लातूरला जातो. इंजिनाचं सगळं मात्र मी पाहतो, तो त्यात लक्ष घालत नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी हट्टच धरला, ट्रक जोरात पळावा म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक बसवायच्या; व्हॉल्व्ह मात्र जुनेच, कारण ते वडिलांनी बसवलेले. आमचे मिस्त्री युसूफचाचा कळवळून सांगत होते, "बेटा, ट्रक दमानं चढतो, पळून न्हाई. स्प्रिंगा कंपनीच्याच ऱ्हाऊ दे, व्हॉल्व्ह नवे घे." पण ऐकेल तो मी कसला! आठवणींवर माया करता करता माणूस त्यांच्यावर केवढं ओझं लादतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? शेवटी चाचा हात झटकून म्हणाले, "कर तुझ्या मनाचं."

त्यांनी बारा व्हॉल्व्ह, खिळ्यासारखे लांब मानेचे आणि चपट्या डोक्याचे, फळीवर ओळीनं, ज्याच्या त्याच्या जागेच्या क्रमानं मांडून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी पान्यापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळ्या लोखंडाची पूजा होते. मग हे बाराच तेवढे पारोसे कसे ठेवायचे? मी ते डिझेलनं धुतले, ओलं कुंकू लावलं आणि झेंडूच्या फुलांत गोल मांडले. काय देखणे दिसत होते म्हणून सांगू!

दसऱ्याच्या सकाळी चाचा आले आणि कपाळाला हात लावून मटकन खालीच बसले. "या अल्ला! परतेक आपल्याच जागी घासून बसलेला असतो, कोण कुठल्या जागेचा, आता कसं कळायचं रे?" मग चाचा एकेक व्हॉल्व्ह पुसून मापाला लावू लागले. सातव्यावर त्यांचा हात थबकला. बाकीचं कुंकू निघालं, पण मानेभोवतीची केसाएवढी लाल रेघ पुसता पुसेना. त्यांनी नख फिरवलं, उन्हात धरून पाहिलं.

"तडा हाय, कुंकू आत उतरलंय," ते एवढंच म्हणाले.

याच मानेवर मी कडक स्प्रिंग चढवणार होतो! ऐन चढावर ते डोकं तुटून आत पडलं असतं, इंजिन जागीच जाम झालं असतं, आणि मग तो भरलेला ट्रक मागं मागं... समोर दादा जुन्या टायरवर बसून निवांत दात घासत होता.

"बघतो काय? अजून कुंकू आण," चाचा ओरडले. "बाकीचे अकराबी कुंकू लावून नीट बघायचे हायत!"

बाराही व्हॉल्व्ह नवे आले, स्प्रिंगा कंपनीच्याच बसल्या. आणि दादा? तो लातूरपर्यंतच्या प्रत्येक हॉटेलवर सांगत सुटला आहे, "माझ्या भावाच्या पूजेनं वाचलो मी!"

आजही सकाळी ट्रक सुरू होतो. टक्... टक्... टक्... दादा खिडकीतून प्रेमानं हात हलवतो. कडक स्प्रिंगांचा माझा हट्ट फक्त चाचांना ठाऊक; ते शेडमधून माझ्याकडे पाहतात. मी मान खाली घालतो.