चंद्रकला आणि मोटारीचं फिल्टर

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मोठीमाय, आई गेली," म्हणाला. मी विचारलं, जेवली होती का? तर म्हणाला, व्हय, वरण-भात खाल्ला, ताक आंबट आहे म्हणून नाव ठेवलं, आडवी झाली अन् उठलीच न्हाई. मग बरी गेली, मी म्हटलं. त्याला ते लागलं असेल. पण ज्या बाईनं शेवटच्या दिवशीही ताकाला नाव ठेवलं तिच्यासाठी गळा काढून काय करायचं? आता महिना होऊन गेला. नात म्हणते, आजी, तुझ्या जावेबद्दल पेपरच्या पुरवणीत लिही, शुद्धलेखन मी बघते. मी चौथी शिकलेली. लिहिते तसं लिहिते.

चंद्रकला माझी धाकटी जाऊ. वसमतजवळच्या आमच्या खेड्यात हळदीचं शेत, एक चूल आणि चुलीवर राज्य सासूबाईंचं. तेव्हाचा रिवाज असा की धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर, म्हणजे आमच्याकडं ज्याला भासरा म्हणतात त्याच्यासमोर, नाकापर्यंत पदर घ्यायचा आणि त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. तिचा भासरा म्हणजे माझे मालक. त्यांच्यासमोर ती भिंतीला चिकटून जायची. भाजीत मीठ कमी झालं तर ते मला सांगणार, मी तिला. तिला काही हवं असलं तर ती मला, मी त्यांना. मी घरात नसले की मग ते मांजराला विचारायचे, "मांजरे, चहा झाला का?" आणि आतून चंद्रकला मांजराला सांगायची, "मांजरे, उकळून राहिला म्हणावं." मांजर बिचारं दोघांकडं बघायचं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मालकांनी तिचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. नावानं हाकही कधी मारली नव्हती. धाकटी, एवढंच.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. हळदीला एका साली चांगला भाव आला आणि मालकांनी एक जुनी विलायती मोटार घेतली. हैदराबादेकडच्या कुणा जहागीरदाराची होती म्हणे. तिचं ते स्वतःच्या म्हशीपेक्षा जास्त करायचे. वसमतच्या मिस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत, इंजिनाचं तेलसुद्धा अंगणात लिंबाखाली स्वतः बदलायचे. जुनं तेल घमेल्यात सोडायचं, मग तेल गाळणारं फिल्टर काढायचं. ते फिल्टर म्हणजे एक पत्र्याचा डबा. इंजिनाच्या बुडाशी, बरणीसारखा फिरवून बसवलेला, आणि अशा सांदीत की मालकांचा फावड्यासारखा हात वरून जायचा नाही अन् खालूनही जायचा नाही. ते काम माझा धाकटा दीर करायचा, त्याचे हात काटकुळे. पण त्या वर्षी तो साखर कारखान्यावर कामाला लागला होता, हंगाम चालू होता, सुटी नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच चंद्रकलाच्या भावाचं लग्न निघालं, आखाडा बाळापूरला. तिची आई लवकर गेलेली. हा भाऊ तिनं कडेवर वाढवलेला. त्याला पहिली हळद तीच लावणार, हे तिनं वर्षभर धरून ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, नवरा कामावर, सुनेनं एष्टीत एकटीनं जायचं न्हाई. घरच्या मोटारीत, थोरल्या जावेसंगं जायचं तर जा. झालं, ठरलं. आणि आदल्या दिवशी मालकांनी पाहिलं तर त्या फिल्टरमधून तेल गळून राहिलं होतं. नवं फिल्टर घरात होतं, पण जुनं काढल्याशिवाय नवं कुठं बसवणार... आणि काढणार कोण?

माझा हात जाड, मनगटापुढं जाईना. चंद्रकलाचा हात मात्र एवढासा. बाजारात कासार तिला लहान पोरींच्या बांगड्या भरायचा. मीच म्हटलं, तिला घालू द्या हात. सासूबाई ओसरीवर सूप घेऊन बसल्या होत्या, त्या पाखडत राहिल्या. मग असं झालं की मालक पोतं अंथरून मोटारीखाली पाठीवर पडले, कारण डबा त्यांना तिथून दिसत होता. चंद्रकला बांगड्या उतरवून पाटावर उभी राहिली आणि वरून हात घातला. तिला पदरामुळं काहीच दिसत नव्हतं. ज्याला दिसत होतं त्याचा हात पोचत नव्हता, जिचा हात पोचत होता तिला दिसत नव्हतं आणि दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी. मध्ये उभी मी.

मालक खालून म्हणाले, डावीकडं फिरव म्हण. मी म्हटलं, डावीकडं फिरव. तिनं फिरवलं. खालून आवाज आला, अगं, ती आवळून राहिली, डावीकडं म्हण तिला. मी परत म्हटलं. चंद्रकला माझ्या कानाशी पुटपुटली, "अक्का, डावीकडंच फिरवून राहिले." मी खाली सांगितलं, डावीकडंच फिरवते म्हणते. तेव्हा मालक म्हणाले, "ती जेवती कोणत्या हातानं ते इचार." हा निरोप मी पोचवला नाही, पण हातभर अंतरावर उभ्या माणसाला तो ऐकू जाणारच. तिला राग आला. दात आवळून तिनं होता नव्हता तेवढा जोर डावीकडं लावला आणि डबा असा बसला की आता निघतच नाही.

मालक बाहेर आले, हात पुसले. उद्याचं जाणं राहिलं, बाळापूरला निरोप धाडतो, एवढंच बोलले. त्यांचाही चेहरा उतरला होता, पण इलाज नव्हता. चंद्रकलानं हात बाहेर काढला नाही. तशीच वाकून उभी. पदराआड ती रडून राहिली असेल असं मला वाटलं. मालक एकदा शेवटचं पाहावं म्हणून परत खाली सरकले, तेवढ्यात पदराआडून आवाज आला. मला उद्देशून नव्हता तो. मांजरालाही नव्हता.

"तुमचं डावं का माझं डावं?"

सासूबाईंचं सूप थांबलं. चंद्रकलानं मालकांना हाक कोणती मारायची हेही कधी ठरलेलं नव्हतं, म्हणून तो प्रश्न असाच, बिनहाकेचा. मोटारीखालून मालक सावकाश म्हणाले, "मी खालून पाहून राहिलो, तू वरून. माझं डावं म्हंजे तुझं उजवं. उजवीकडं फिरव, चंद्रकला."

तिनं उजवीकडं जोर लावला. डबा हलेना, बोटं तेलानं घसरत होती. तेव्हा तिनं काय करावं? डोक्यावरचा पदर ओढला, त्याचा बोळा करून सांदीत घातला, डब्याला गुंडाळला आणि ओलं धुणं पिळावं तसा पीळ दिला. कर्रकन आवाज झाला. "सुटलं," ती म्हणाली. आणि सगळं काळं तेल मालकांच्या छातीवर, कारण घमेलं धरायचं सोडून ते तिचे हात बघत होते. बाहेर आले तर नुसते दात पांढरे. हसून राहिले होते. समोर चंद्रकला उघड्या डोक्यानं उभी, पदरातून तेल ठिबकतंय. दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं ते तेव्हा. मग आम्ही तिघांनी सासूबाईंकडं पाहिलं.

सासूबाईंनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "पदर काळा केलास. आता उद्या माहेरी काय नेसून जाशील?"

त्यांचं मन फिरायच्या आत मी घरात पळाले आणि माझं हिरवं लुगडं काढून आणलं.

नवं फिल्टर बसवताना मी मध्ये लागलेच नाही. आधी रबराच्या कड्याला बोटानं तेल लाव, मग नुसत्या हातानं आवळ, फार जोर नको, असं ते सांगत होते आणि ती विचारत होती, एवढं बास का दादा? दादा हे तिचं तिनंच ठरवून टाकलं. मी चहा ठेवला. मला कुणी काही विचारलं नाही. खरं सांगते, थोडं चुकल्यासारखं वाटलं. या घरात माझं अर्धं काम निरोप नेण्याचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक म्हणाले, धाकटीला पुढं बसू दे, फिल्टरला तिचा हात लागलाय, तेलाचा वास आला तर तिलाच आधी कळंल. ती पुढं बसली. वसमत सोडलं तसे दोघं जे सुरू झाले... हळद, पाऊस, तिचे वडील, इंजिनाचा आवाज. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. मागची सगळी सीट मला मोकळी. मी पाय पसरले आणि बाळापूर येईपर्यंत झोपले. भावाला पहिली हळद तिनंच लावली. नखांत काळं तेल होतं, ते हळदीत मिसळलं, म्हणून तिच्या मावशीनं नाव ठेवलं. चंद्रकला म्हणाली, आमच्या मोटारीचं आहे, चांगलं असतं.

मोटार विकेपर्यंत फिल्टर तीच काढायची. मालकांशी भांडायची, मोठ्यानं भांडायची, आणि ते ऐकून घ्यायचे, माझं कधी ऐकलं नाही. मालक गेले तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली. मीच तिला गप केलं. कुठल्याही प्रवासाला आम्ही दोघी निघालो की ती पुढं जाऊन बसायची आणि ड्रायव्हरला शिकवायची. मी मागं. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही, भांडायला बाकीचं पुष्कळ होतं.

ती गेली त्या दिवशी पुतण्यानं वसमतहून मला न्यायला गाडी पाठवली. ड्रायव्हर चांगला पोरगा होता. पुढचं दार उघडून म्हणाला, "आजी, इथं बसा, हवा लागंल." मी म्हटलं, न्हाई, मला मागंच बरं, पाय पसरता येतात. पुढची सीट वसमतपर्यंत रिकामी गेली.