वरचीने पाहिलेलं

साइटवर तिला सगळे ‘वरची’ म्हणत. वरचीला विचार, वरचीला सांग, वरची आज तापलीय, जरा जपून. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये ती सकाळी शिडीने चढून बसायची ती जेवायलासुद्धा खाली उतरायची नाही. डबा वर, पाणी वर, आणि आवाज तर कायमच वर. बायकांनी क्रेन चालवायची नसते, असं पहिल्याच दिवशी एक सुतार बोलला होता. तिने त्याच्या शेजारी फळ्यांचा गठ्ठा असा अलगद टेकवला, की त्याच्या हातातला चहा हिंदकळला नाही. त्यानंतर त्याने तोंड उघडलं ते चहा प्यायलाच.

या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. काँक्रीटने भरलेली लोखंडी बादली हुकाला लटकून वरून येते आणि खालची माणसं तिच्या अगदी पोटाशी उभी राहून, दांडा ओढून ती रिकामी करतात. वर बसलेल्या माणसावर ज्याचा भरवसा नाही, तो तिथे उभा राहूच शकत नाही. तिला पगार कंपनी देत होती, पण तिचं काम चालत होतं ते या खालच्यांच्या भरवशावर. तो गेला की केबिन म्हणजे नुसता पिंजरा.

खालून इशारे द्यायला होता तिचा धाकटा दीर. तिनेच मॅनेजरच्या मागे लागून त्याला चिकटवला होता. “वहिनी, डावीकडे. वहिनी, हळू. बस बस बस.” वायरलेसवर त्याचा आवाज सगळ्या साइटला ऐकू जायचा, कारण सगळ्यांच्या डबड्यांत एकच लाइन होती. वहिनीने दिराला झापलं की तेही सगळ्यांना फुकटात ऐकायला मिळायचं.

त्या दिवशी उन्हं उतरत असताना हुक रिकामा होता. आणि टेकडीवरून ते आलं. चपटं, पांढरं, डब्याच्या झाकणासारखं. ना पंख, ना आवाज. क्रेनच्या हाताच्या इतक्या जवळ येऊन थांबलं की तिने क्रेन चालवायच्या दांड्यावरचा हात आपसूक काढून घेतला. क्षणभर तिथेच तरंगत राहिलं, मग सरळ न जाता आडवं सरकलं आणि दिसेनासं झालं.

वायरलेसवर दिराचा आवाज आला, “वहिनी, अगं ते काय गं?”

“तुझ्या सासऱ्यांनी विमान पाठवलंय,” ती म्हणाली.

क्रेनच्या जवळून काहीही उडालं तर कळवायचं, असा नियमच होता. तिने मॅनेजरला कळवलं, मॅनेजरने विमानतळाला, विमानतळाने आणखी कुणाला. बाई नियमाने वागली, एवढाच तिचा गुन्हा. दोन दिवसांत लष्कराची गाडी फाटकाशी उभी.

मॅनेजरच्या पत्र्याच्या खोलीत एक मेजर बसले होते, शेजारी लिहून घ्यायला एक कॅप्टन. मेजर बोलायला गोड. इतके गोड की तिला पहिल्या वाक्यालाच संशय आला.

“बसा ताई. रात्री झोप नीट लागते?”

“लागते.”

“घरी काही ताणतणाव? नवऱ्याशी पटतं?”

“नवरा लांबच्या ट्रकवर असतो. भांडायला सापडतोय कुठे?”

“घेता का कधी थोडीशी?”

“साहेब, मी क्रेन चालवते.”

“आणि त्या दिवशी तुमची... म्हणजे, बायकांचे ते दिवस वगैरे?”

आता तुम्हीच सांगा. आकाशातून काय गेलं हे विचारायला आलेला माणूस बाईला काय विचारतोय! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उडालं ते, साहेब. मी नाही उडाले. त्याचं विचारा की!”

कॅप्टन पोरगेलासा होता. त्याला हसू आलं आणि घाईघाईत तो बोलून गेला, “थांबलं तेव्हा पोटाखालचा लाल दिवा चालू होता की बंद?”

ती खुर्चीत पुढे सरकली. लाल दिव्याचं तिने अजून कुणाकडे काढलंच नव्हतं. मॅनेजरकडे नाही, घरीही नाही.

“चालू होता,” ती सावकाश म्हणाली. “पण तुम्हाला हो कसं ठाऊक?”

मेजरांनी कॅप्टनकडे असं पाहिलं, की बिचारा कागदात तोंड घालून बसला. मग मेजर पुन्हा गोड झाले. “ताई, असं करू. उंचावर, उन्हात, चक्कर आल्यासारखं झालं आणि काहीतरी चमकल्याचा भास झाला. एवढं लिहू, सही करा, विषय संपला. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही.”

“चक्कर येणारीला उद्या क्रेनवर कोण चढू देईल?”

“ते कंपनीचं बघणं.”

मॅनेजर दारातच उभे होते. ते म्हणाले, “लष्कराचं काम आहे बाई, आपण काय बोलणार?”

म्हणजे एकाने ढकलायचं, दुसऱ्याने झेलायचं नाही, आणि मधल्या मधे आपटायचं हिने. तिने सही केली नाही. “तुमचं असेल तर तुमचं म्हणा. नसेल तर शोधा. माझ्या डोक्यावर कशाला खापर फोडता?” एवढं बोलून ती उठली.

जाता जाता मेजर म्हणाले, “तुमच्या दिरांनी सही केलीय. त्यांना काहीच दिसलं नाही म्हणे.”

संध्याकाळी घरी दीर जेवायला बसला, मान खाली घालून. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि चमचा पातेल्यात आपटला.

“डोळे गेले का रे तुझे?”

“वहिनी, बायकोचे दिवस भरत आलेत. नोकरी गेली तर मी कुठे जाऊ?”

“आणि माझी गेली तर?”

तो भात कालवत राहिला. सासूबाईच मधे पडल्या, “अगं, दोघांतलं एक तरी कामावर राहू दे. तो खोटं बोलला म्हणून चूल तर पेटतेय ना?” सासूबाई वाईट नव्हत्या. हिशेब त्यांनी बरोबरच केला होता, फक्त त्या हिशेबात सुनेला वजा केलं होतं. ती न जेवता उठली. परक्यांनी वेडी म्हटलं तर माणूस दोन शिव्या घालून मोकळा होतो. घरच्यांनी म्हटलं तर शिव्या कुणाला घालणार?

कंपनीने तिला डॉक्टरकडे धाडलं. डोळे तपासले, कान तपासले, एका पायावर उभं केलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. काही सापडेना. एवढ्या उंच क्रेनला दुसरं माणूस मिळेना आणि काम अडून पडलेलं, म्हणून मॅनेजरने तिला पुन्हा चढवलं. कौतुकाने नव्हे, गरज सरेपर्यंत.

तोवर साइटभर झालं होतं. वरचीच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. सकाळी पहिली बादली भरली, तिने उचलली, खांबावर आणली. आणि खाली पाहते तर काय! बादलीखाली कुणीच नाही. सुतार, गवंडी, सळयावाले, सगळे भिंतीला पाठ लावून लांब उभे. आणि त्यांच्यातच तिचा दीर.

“वहिनी, खाली घे,” तो वायरलेसवर म्हणाला.

“दांडा कोण ओढणार? मेजर?”

कुणी हललं नाही. काँक्रीट काही कुणाची वाट बघत नाही. उन्हात ते बादलीतच घट्ट व्हायला लागतं आणि मग बादलीही जाते नि दिवसही. मॅनेजर बोंबलत बाहेर आले, “बाई, बादली सोडा!”

तिने वायरलेसचं बटण दाबलं. “सोडते. पण आधी माझ्या दिराने येऊन बादलीखाली उभं राहायचं. बाकीच्यांचं जाऊ दे, त्यांना मी वेडी वाटत असेन. त्याला तरी माहीत आहे मी काय पाहिलं ते. आणि माहीत असूनही तो उभा राहत नसेल, तर मी उतरते. पुन्हा चढणार नाही.”

सगळ्या डबड्यांतून तिचा आवाज घुमला. दीर जागीच उभा. मॅनेजर त्याला शिव्या देत होते, पुढे जा म्हणून की जाऊ नको म्हणून, ते त्यांनाही कळत नसावं. अखेर तो निघाला. बादलीच्या थेट खाली आला, एक हात दांड्याला घातला, दुसऱ्याने वायरलेसचं बटण दाबून धरलं आणि वर बघून बोलला, “मी पाहिलं. वहिनीच्या आधी मी पाहिलं. सही खोटी केली.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं, कारण आता डोळे स्वच्छ हवे होते.

मग सुतार भिंतीपासून सुटला. “पाहिलं तर मीपण होतं,” तोही दांड्याला हात लावत पुटपुटला. गवंडी म्हणाला, “मला वाटलं, कशाला उगाच लफडं.” सळयावाल्यांतले दोघे म्हणाले, लाल दिवासुद्धा पाहिला. एकेक करत सगळे बादलीखाली गोळा झाले, जणू काही झालंच नव्हतं.

वर तिचे अश्रू जागच्या जागी सुकले. एक दीर खोटारडा, एवढंच दुःख ती मनात घेऊन बसली होती. इथे तर अख्खी साइट आभाळाकडे बघत उभी होती, आणि तिला एकटीला चक्कर आलेली!

“सगळ्यांनी पाहिलं?” तिने विचारलं.

खाली सगळे दांड्याकडे बघू लागले.

“मग ओढा दांडा,” ती म्हणाली. “आणि काम संपलं की एकेकाने वर चढून यायचं, माझ्यासमोर उभं राहून सांगायचं. शिडी तुमच्या बापाची नाही, पण आज चढायला देते.”