चौघांचा फोटो

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे, तेही तोंडावर. कामच तसं होतं. ठिकठिकाणची प्रशिक्षण केंद्रं हजेरीचा पुरावा म्हणून भरल्या वर्गाचा फोटो पाठवायची, आणि तो खरा की बनावट हे तिने ठरवायचं. एका बहाद्दराने एकच माणूस सात बाकांवर बसवून वर्ग भरला होता. कुठे टोपी, कुठे चष्मा, कुठे मिशी. साहेब सही करणार, एवढ्यात ती म्हणाली, "साहेब, कान बघा. मिशी चिकटवता येते, कान कुठून आणणार?" ते केंद्र बंद झालं.

आता असली बाई घरी येऊन काय वेगळी वागणार? दूधवाल्याचं माप ती दोनदा बघायची. नवरा म्हणायचा, "हिच्यापुढे आरसा धरला, तर ही आधी आरशाच्या मागे बघेल."

लेकाच्या बाबतीत मात्र चेष्टेला जागा नव्हती. दोन वर्षांपूर्वी तो परगावी शिकायला एकटा राहत होता. तिथे त्याने खाणं सोडलं, अंघोळ सोडली, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि फोनवर विचारलं की "मजेत आहे" म्हणायचा. शेवटी घरमालकाने कळवलं. जगाची लबाडी पकडणारी ही बाई पोटच्या पोराच्या एका शब्दाला फसली होती, आणि ते तिला आतून खात होतं. म्हणून त्याला दूरच्या शहरात छापखान्यात फोटो जुळवायची नोकरी लागली, तेव्हा तिने एकच अट घातली. एकटं राहायचं नाही. महिन्याभरात तीन मित्र खोलीवर राहायला आले, असं त्याने कळवलं.

पण हे मित्र कधी फोनवर येत नसत. एक नेहमी अंघोळीला, दुसरा नेहमी बाहेर, तिसरा झोपलेला. भरदुपारी चारलासुद्धा झोपलेला! कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिने ओळखलं. दारू असेल, पत्ते असतील, नाहीतर एखादी मुलगी असेल. "मुलगी असेल तर सरळ सांग म्हणावं, मी काय खाणार आहे तिला?" असं ती नवऱ्याला ऐकवायची. शेवटी तिने लेकाला बजावलं, "चौघांचा एकत्र फोटो पाठव."

रविवारी सकाळी फोटो आला. लेक मधे बसून हसतोय. एक ताटावर वाकलेला, एक पाठमोरा भांडी घासतोय, एक खिडकीशी फोनवर.

"बघ, घर कसं भरलंय," नवरा खूश होऊन म्हणाला. "आता तरी गप्प बस."

ती कसली गप्प बसते? तिने फोटो मोठा करून कानाकोपरा धुंडाळला. बाटली नाही, राख नाही, बांगडी नाही, केसांची पिन नाही. मग सवयीने कान बघितले. लेकाच्या कानाची वरची कड थोडी दुमडलेली होती, जन्मापासून. ताटावर वाकलेल्याचीही तशीच. भांडी घासणाऱ्याची, खिडकीतल्याचीही तशीच.

तिने पुन्हा पाहिलं. आपलं चुकलेलं निघावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. इतके दिवस ती वाईट संगत शोधत होती आणि पोराला संगतच नव्हती.

तिने फोन लावला. "आज स्वयंपाक कोणी केला?"

"आम्ही आळीपाळीने करतो."

"चौघंही तूच आहेस रे."

फोन कापतो की काय, या भीतीने तिने तो कानाशी घट्ट धरला.

"बाबांना कळलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"त्यांना कळणारच नव्हतं. छापखान्यातही कुणाला कळलं नसतं. चार रात्री बसून केलाय."

"एवढी मेहनत करून मला कशाला पाठवलास? मी पकडणार, हे माहीत नव्हतं तुला?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "तोंडाने सांगवत नव्हतं, आई."

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली आणि नवऱ्याला चपला घालायची खूण केली.