न फाटलेला आवाज

काकांच्या उजव्या अंगठ्याचं नख एका कडेने झिजलेलं होतं. कॅमेऱ्यावर आवाज कमी-जास्त करायचं एक दातेरी बटण असतं, त्यावर त्यांनी तीस वर्षं तो अंगठा ठेवला होता. लग्न असो, नारायणगडाचं कीर्तन असो, की कुणा पुढाऱ्याची सभा असो, काकांचे डोळे माणसावर आणि अंगठा बटणावर. माणूस ओरडणार त्याच्या किंचित आधी अंगठा खाली यायचा, ओरडून झालं की वर जायचा. "वरडायच्या आदी मानूस छाती भरून घेतो. छातीकडं बघ, तोंडाकडं न्हाई," हे त्यांनी मला शिकवलं. माझे सख्खे चुलते. धंदा त्यांनी शिकवला, दुकानही त्यांचंच, पाटी मात्र पुढे माझ्या नावाची लागली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहायला नको.

आमच्या धंद्यात 'आवाज फाटला' असं म्हणतात. कॅमेऱ्यात आवाज मावायची एक हद्द असते. तिच्या वर गेलेला आवाज कॅमेरा कापून टाकतो आणि कापलेलं परत मिळत नाही. कॉम्प्युटरवर बघितलं तर आवाजाच्या लाटा माथा छाटलेल्या मेंदीच्या कुंपणासारख्या सपाट दिसतात, ऐकलं तर कानात नुसती खरखर. दिवसभराचं शूटिंग कितीही देखणं असू द्या, 'शुभ मंगल सावधान'ला आवाज फाटला की घरचे लोक वर्षभर तुमच्या नावाने बोटं मोडतात.

काकांची दुसरी सवय चहाची. कार्यालयात माईक आणि स्पीकर साऊंडवाल्याचे असतात. त्याच्या मिक्सरमधून एक तार आमच्या कॅमेऱ्यात येते, तिला आम्ही लाईन म्हणतो. या लाईनचं बटण साऊंडवाल्याच्या हातात. आमच्याकडचे साऊंडवाले ते बटण शेवटपर्यंत फिरवून मोकळे होतात, कारण कधीतरी कुणी व्हिडिओवाला रेकॉर्डिंगमध्ये आवाज बारीक आला म्हणून त्यांच्याशी भांडलेला असतो. बाहेर स्पीकरवर सगळं झकास ऐकू येतं, पण आमच्या तारेत आवाज तिथूनच फाटून निघतो. त्याची खूण म्हणजे मिक्सरवर पेटलेली एक बारकी लाल बत्ती. आता दुसऱ्याच्या मिक्सरला हात लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला अडाणी म्हणण्यासारखं. म्हणून काका दोन्ही हातांत दोन कप घेऊन साऊंडवाल्याशेजारी जाऊन बसायचे. घरचं बरंवाईट विचारायचे, अर्धा कप संपला की म्हणायचे, "मालक, आमच्या लायनीची तेवडी लाल बत्ती इझवा की." बत्ती विझायची. मला या चहाची लाज वाटायची. आपण काय त्याचे नोकर आहोत का, असं मनात यायचं.

मग मी नवा कॅमेरा घेतला. त्यात बत्तीस बिट फ्लोटमध्ये आवाज साठवायची सोय होती. सोप्या भाषेत सांगायचं तर हा कॅमेरा कुजबुजही जपतो आणि किंकाळीही. आधी बटण जुळवायची गरज नाही. आवाज हद्दीच्या वर गेलेला दिसला तरी नंतर कॉम्प्युटरवर खाली ओढला की छाटलेला वाटणारा माथा जसाच्या तसा परत येतो. बारीक आवाज वर ओढला तर तोही स्वच्छ येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

दुकानासमोरच्या हॉटेलात पाचसहा शूटिंगवाले जमले होते. त्यांच्यापुढे मी माईकला तोंड लावून बोंबललो आणि लॅपटॉपवर तो आवाज खाली ओढून दाखवला. सगळे चाट पडले. काका कोपऱ्यात बसून बशीतून चहा पीत होते. मी मोठ्याने म्हणालो, "काका, आता तुमच्या अंगठ्याला पेन्शन!" लोक खो खो हसले. काकाही हसले. मग त्यांनी विचारलं, "अन् लाईनच फाटून आली तर रं?"

"काका, ह्याच्यात कायबी कापलं जात न्हाई. लिवून ठिवा."

लोक पुन्हा हसले. काकांनी परत विचारलं नाही. त्या महिन्यापासून मी त्यांना शूटिंगला नेणं बंद केलं. ते दुकानात बसून पासपोर्ट फोटो कापायचे, आधार कार्डं लॅमिनेट करायचे. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शिकवणारा माणूस समोर असला की आपण शिकलेलो आहोत हे लोकांना दिसत राहतं, आणि मला ते नको होतं.

त्यांचा आवाज बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, सर्दी आहे. दोन महिने आवाज सुटला नाही, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. घशात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे ऑपरेशननंतर काकांचा आवाज कायमचा जाणार. त्यांना एकुलती एक मुलगी, तिचं लग्न ठरलेलं. घरच्यांनी लग्न अलीकडे ओढलं आणि ऑपरेशन त्याच्यानंतर आठ दिवसांनी ठेवलं.

आमच्या घरात शेवटचं मंगलाष्टक नवरीचा बाप स्वतः रचतो आणि स्वतः म्हणतो. दोन्ही घरांची नावं गुंफायची, लेकीचं नाव तिसऱ्या ओळीत. काकांनी ते फोटोच्या पाकिटामागे लिहून ठेवलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या खरखरत्या आवाजात त्यांची तालीम चालायची आणि पुढे गिऱ्हाईक असलं की मी पडदा ओढून घ्यायचो. या चुलत बहिणीने मला एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "दादा, ड्रोन नगं, अल्बम नगं. पप्पांचं मंगलाष्टक तेवडं नीट घे. त्यानंतर मला त्यांचा आवाज न्हाई."

लग्नाच्या दोन दिवस आधी काका दुकानात आले. "साऊंडवाल्याला चा पाजशील न्हवं?"

"काका, तुमी नवरीचे बाप हाव. तुमी अक्षदा टाका, रडा. आवाजाचं मी बगतो."

"एवड्या येळी चा पाज."

"बरं, बरं," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे न बघता मेमरी कार्डं मोजत राहिलो.

लग्न मांजरसुंब्याजवळच्या हायवेवरच्या कार्यालयात होतं. मी साऊंडवाल्याला चहा पाजला नाही. पाजायला काय लागत होतं? कप पाच पावलांवर होते. पण एवढा कॅमेरा जवळ असताना मी हातात कप घेऊन कुणाच्या शेजारी बसायचं, हे मला पटेना. लाईन घेतली, खोचली, आणि हेडफोन गळ्यात अडकवले. ते कानाला लावले असते तरी कळलं असतं. गळ्यात अडकवलेले हेडफोन फोटोत चांगले दिसतात.

शेवटच्या मंगलाष्टकाला काकांनी माईक हातात घेतला. साऊंडवाल्याचा मिक्सर स्टेजच्या पायाशी, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला. त्यांनी तिकडे बघितलं, मग थेट माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि उजवा अंगठा उचलून हवेत खाली फिरवला. परत एकदा फिरवला. मला ते कॅमेऱ्यात स्पष्ट दिसलं. शेजारी माझा लाईटवाला दोस्त उभा होता. त्याला मी म्हणालो, "बग बे, लेकीच्या लग्नातबी अंगठा थांबंना." तो हसला. काकांनी क्षणभर वाट बघितली. बँडवाले खोळंबलेले, लग्न लावणारे जंगमस्वामी घड्याळ बघतात, हजार माणसं हातात अक्षता धरून उभी. ते म्हणू लागले.

आवाज बसलेला होता, पण सूर हलला नाही. तिसऱ्या ओळीला आमच्या घरच्या बायका हुंदके देऊ लागल्या, आणि तेव्हाच मी दोस्ताच्या कानाशी वाकून आणखी एक वाक्य बोललो. शेवटी काकांनी छाती भरून घेतली आणि 'सावधान' म्हटलं. बँड फुटला, अक्षता उडाल्या. बहीण आंतरपाटापलीकडून बापाकडेच बघत होती. मी मनात म्हणालो, मस्त शॉट.

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. काका घरी आले, गळ्याला पांढरं फडकं, खिशात चिठ्ठ्यांची वही आणि पेन. मग मी एडिटिंगला बसलो. लाईनचा आवाज उघडला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत फाटलेलं. खाली ओढलं. फाटलेलंच राहिलं, फक्त बारीक झालं. माथे सपाटच्या सपाट. कापाकापी मिक्सरनेच करून ठेवली होती, माझ्या कॅमेऱ्याने तो फाटका आवाज इमानेइतबारे साठवला होता. फाटलेलं लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं म्हणून ते धड होत नाही. काकांनी हेच विचारलं होतं, पाच माणसांसमोर, बशी हातात धरून.

मग आठवलं, कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक माईक असतो आणि त्याचा आवाज वेगळा साठत राहतो. तो उघडला. अगदी बारीक रेघ. वर ओढली. आणि काका आले. स्पीकरमधून सगळ्या कार्यालयात घुमलेला त्यांचा आवाज, स्वच्छ, खरखरीसकट स्वच्छ. मी अक्षरशः हात जोडले. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसऱ्या ओळीत, लेकीच्या नावावर, माझा आवाज आला. माईकपासून वीतभर अंतरावरून, हसत बोललेला:

"आठ दिसांनी मुकंच ऱ्हायचंय, म्हनून आजच समदं वरडून घेतोय बग."

एकही अक्षर बुडालेलं नव्हतं. त्यामागे लेकीचं नाव घेणारे काका, तेही पूर्ण. कॅमेऱ्याने दोघांनाही सारखंच जपलं होतं.

मी ते वाक्य काढायचा प्रयत्न केला. दोन दिवस केला. आवाज वेगळे करणारी सगळी सॉफ्टवेअरं लावून बघितली. वाक्य निघायचं, पण त्याबरोबर बहिणीचं नावही निघायचं. शेवटी मी काय केलं? मंगलाष्टकावर सनई टाकली. काका ओठ हलवतात, अक्षता पडतात, आणि वर सनई. पेनड्राइव्ह दिला. पाहुणे म्हणाले, लई भारी झालंय.

काका दुसऱ्या दिवशी एकटे दुकानात आले. चिठ्ठी पुढे केली. 'माझा आवाज?'

"लाईन फाटली काका. साऊंडवाला हरामखोर निघाला."

त्यांनी खाली लिहिलं, 'चहा?'

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत लिहिलं, 'वरचा माईक?'

"त्याच्यात कायच न्हाई आलं," मी म्हणालो. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. हातानेच, दंडाला धरून. हा कॉम्प्युटर मी त्यांच्याच शेजारी बसून शिकलो होतो, माझी फाईल शोधायला त्यांना वेळ लागला नाही. हेडफोन लावले. मी मागे उभा. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर आपोआप हलायला लागला, खाली, वर, खाली. तिसऱ्या ओळीला तो थांबला. मला वाटलं, आता हेडफोन काढून फेकतील. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. 'सावधान'च्या जागी त्यांचे खांदे वर उचलले गेले, आणि गळ्याच्या फडक्यामागून नुसती हवा आली.

"काका, मी चुकलो," त्यांनी हेडफोन काढल्यावर मी म्हणालो. "मी तेवडी ओळ कापून देतो."

त्यांनी वही पुढे ओढली. मग लिहिलं, 'कापू नको. त्याच ओळीत तिचं नाव आहे.'

मी ते तसंच बहिणीला पाठवलं. तिचा फोन आला नाही. मी रोज वाट बघायचो, की ती शिव्या देईल आणि एकदाचं संपेल. पंचमीला ती माहेरी आली तेव्हा काकूने मला जेवायला बोलावलं. गेलो. बहीण बापाच्या पायाशी बसली होती, फोन दोघांच्या मधे, आणि त्यावर मंगलाष्टक चाललं होतं. मला बघून तिने ते बंद केलं नाही. दुसरी ओळ संपत आली. काकांनी उजवा अंगठा उचलला आणि हवेत वर फिरवला, म्हणजे आवाज वाढव. तिने वाढवला. तिचं नाव मोठ्याने आलं, त्यावर माझं वाक्यही तेवढ्याच मोठ्याने आलं, आणि कुठेही फाटलं नाही.