दहाव्याला आणलेला कावळा

आमचे हे सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, आणि तिथलं संग्रहालयही त्यांच्याकडंच आहे. संग्रहालय म्हणजे काय, तर एक लांबलचक खोली, डांबरगोळ्यांचा वास आणि काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले पक्षी. माळढोक, घुबड, खंड्या, कावळा. सगळे मण्यांचे डोळे वटारून ताठ उभे. लग्नानंतर ह्यांनी मला मोठ्या कौतुकानं तिथं नेलं, तेव्हा मी म्हणाले होते, "अहो, सिनेमाला न्यायचं सोडून ह्या मढ्यांत कशाला आणलंत?" त्यातलाच एक पक्षी माझ्या बापाच्या दहाव्याला पिशवीतून बाहेर निघेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं.

माझं माहेर टेंभुर्णीच्या पुढं, भीमेच्या काठाला. दहाव्याच्या सकाळी नदीवर आण्णांचे पिंड मांडले. भातावर दही, शेजारी त्यांच्या आवडीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पिंडाला कावळा शिवला म्हणजे माणूस समाधानानं गेला, जीव कशात अडकला नाही, एवढंच आईला जाणून घ्यायचं होतं. तोवर ती पाण्याचा थेंब घेणार नव्हती. आणि कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर बसून टकामका बघत होते की! पण एक मेला खाली उतरेल तर शपथ.

मग कबूल करणं सुरू झालं. भावानं हात जोडले, "आण्णा, बोअरचं काम ऱ्हायलंय, ते मी पुरं करतो." कावळे ढिम्म. चुलते म्हणाले, "बांधाचं भांडण मिटलं म्हून समज." तरी नाही. मी माझ्या पोरीचं शिक्षण कबूल केलं. आत्या तर म्हशीपर्यंत पोचली, "तुझी म्हैस इकणार न्हाईत रे!" ऊन डोक्यावर आलं. आईचे ओठ सुकून पांढरे पडले, पण ती सावलीत यायला तयार नाही. शेवटी गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवूया. तसं चालतं."

"गवताला काय कळतंय ह्यांच्या मनातलं?" आई म्हणाली. विषय संपला.

तेवढ्यात आमचे हे गाडीकडं गेले आणि पिशवी घेऊन आले. गेल्या वर्षी थोरल्या चुलत्यांच्या दहाव्याला सगळे अंधार पडेपर्यंत ताटकळले होते, ते बघून हे ह्या वेळी तयारीनं आले होते. मला पत्ता नाही! पिशवीतून कपाटातला तो कावळा निघाला, लाकडी पाटावर उभा, आणि माझी बोबडीच वळली.

"एक बसलेला दिसला की बाकीचे बिनघोर उतरतील," हे पुटपुटले.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं? माझ्या बापाचं दहावं आहे, प्रॅक्टिकल नाही!"

पण ह्यांनी तो पिंडाजवळ ठेवलासुद्धा. तोच वाऱ्याचा झोत आला आणि कावळा पाटासकट आडवा झाला, पाय वर.

आई गं! बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उठले. त्यांचा कालवा ऐकून आणखी आले, कुठनं आले देव जाणे. आमच्या डोक्यावर नुसतं काळं भिरभिरायला लागलं. एकही खाली येईना आणि एकही जाईना. "आण्णा कोपला, आण्णा कोपला," म्हणत आत्यानं डोक्यावर पदर घट्ट धरला. गुरुजी ताम्हन तिथंच टाकून मागं सरले. भावानं दगड उचलला. ह्यांचा चेहरा पांढराफटक. "त्यांना वाटतंय, त्यांच्यातलाच एक मेला," हे म्हणाले.

आणि आई उठली. त्या कावकावीखालून सरळ चालत गेली, आडवा पडलेला कावळा उचलला, पदरानं त्याच्यावरची वाळू पुसली.

"जावईबापू, खराच हाय का ह्यो?"

"हो आई, खराच. पण मेलेला आहे."

"मग झालं तर. गेलेल्या माणसाकडं ह्योच जाणार की."

तिनं तो तोंडासमोर धरला. कावळ्यांच्या कालव्यात ऐकू जावं म्हणून, पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाळी द्यावी तशी ती मोठ्यानं बोलली, "आवो, बोअर न्हाय न् बांध न्हाय. तुमास्नी माझाच घोर हाय, मला काय ठावं न्हाय व्हय? मी ऱ्हाईन एकटी. भीत न्हाय मी. जावा तुमी."

आणि त्या पेंढा भरलेल्या कावळ्याची चोच तिनं पिंडाला लावली.

मग आमच्याकडं वळून म्हणाली, "आता पाणी द्या कुणीतरी."

कुणीच हललं नाही. माझ्या हातात तांब्या होता, पण मी जागच्या जागी गोठले होते. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी एवढं कबूल केलं, आणि आईला मी सांभाळीन, असं आमच्यातल्या एकानंही म्हटलं नव्हतं.