निळ्या ठिपक्याचा माऊस

बेबीनंदाताई माझ्या दुकानात येऊन गेल्या त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी अजून सावरलेलो नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, काहीतरी विचारतं, आणि मी भलतंच उत्तर देतो. बायकोला वाटतं मला उन्हाचा त्रास झालाय. तिला खरं सांगायची हिंमत होत नाही, म्हणून इथे सांगतो.

मस्तगडच्या बाजारात माझं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत माझं एक मत पक्कं झालं होतं: बाजारात चार वांगी दाबून बघणारा माणूस माऊस मात्र डोळे झाकून उचलतो. "भागवतराव, कोणताही द्या, चालला पाहिजे." वकिलाचा कारकून असो नाहीतर शाळेचे मास्तर, सगळ्यांचं हेच. अपवाद फक्त गेम खेळणाऱ्या पोरापोरींचा. ते माऊस उलटा करतात, हातावर तोलतात, कानाशी नेऊन बटण दाबतात, आणि महिन्याभरात काहीतरी खोट काढून परत आणतात. मला त्यांचा मनस्वी राग. बोटभर वस्तू आणि हातभर तक्रार.

बेबीनंदाताई "कोणताही द्या"वाल्यांतल्याच, असं मी धरून चाललो होतो. बावन्न वर्षांची बाई, स्वच्छ सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. मूळच्या जाफराबादकडच्या. वडिलांनी रोजंदारी करून पोरीला आयटीआयला घातलं, नकाशे काढायच्या वर्गात. वर्गात त्या एकट्या मुलगी. तेव्हा ट्रेसिंगच्या कागदावर शाईच्या पेनाने रेघ ओढायची आणि चुकली की ब्लेडने खरवडायची अशी रीत होती. सगळ्यांच्या कंपासपेटीत ब्लेड असायचं, ताईंच्या पेटीत नसायचं. लागायचंच नाही. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका सर्व्हेयरने सांगितलं, तेही अजून जळफळत.

पुढे पेनं गेली आणि कॉम्प्युटर आले. ताई चाळिशीत तेही शिकल्या. आता एका खाजगी एजन्सीसाठी त्या घरी बसून काम करतात. खेड्यापाड्यांचे जुने कापडावरचे नकाशे फोटो काढून कॉम्प्युटरवर येतात आणि त्यातला एकेक बांध माऊसने गिरवायचा असतो. बांध वळला की तिथे एक क्लिक. पुन्हा वळला की पुन्हा एक. एकाच जागी लागोपाठ दोन पडले की रेघ तिथेच संपते. एका गावात अशी हजारो वळणं. मी शेतकऱ्याच्या घरचा आहे. वीतभर बांधापायी माझे वडील आणि चुलते सहा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते, चुलतीच्या मातीलाही नाही. त्यामुळे या कामाची किंमत मला कळत होती. निदान कळते असं मी समजत होतो.

तर त्या शनिवारी दुपारी ताई आल्या. नेहमीसारख्या बाकावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"भाऊ, एक माऊस द्या. बराबर बघून द्या. हा शेवटचाच."

"शेवटचा कसा काय ताई?"

"सोमवारी एजन्सीच्या हापिसात समोर बसवून नकाशाचं एक पान काढून घेणारेत माझ्याकून. त्याच्यात लाल खुणा निघाल्या का काम बंद."

लाल खुणा म्हणजे चुका. ताईंनी गिरवलेला नकाशा एजन्सीत तपासला की त्यावर लाल खुणांचा सडा पडत होता. रेघ मधेच तुटलेली, एका वळणावर एक बिंदू पाहिजे तिथे दोन पडलेले. सहा महिने हे चाललं होतं. या सहा महिन्यांत मी त्यांना तीनदा माऊस बदलून दिला होता, तेही हसतमुखाने, चहा पाजून.

"माऊसला बोल न्हाई भाऊ," ताई म्हणाल्या. "तीन डाव बदलला तुम्ही. हातच गेला माझा. बोट एकदा दाबते म्हून मला वाटतं आन् दाबल्या जातं दोनदा." दूध नासलं म्हणावं तसं त्या हे सांगत होत्या. "रोज सकाळी सुईत दोरा ओवून बघते. पहिल्याच डावाला जातो. पण मंग कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल?"

मला त्याच वेळी शंका आली होती, हे कबूल करतो. पण मी ती दाबली आणि काउंटरवर माऊस मांडायला लागलो. लाल दिव्याचा, सात रंगांच्या दिव्याचा, डब्यावर डीपीआयचा, म्हणजे माऊस किती चपळ त्याचा आकडा सोळा हजार छापलेला, पंचवीस हजार छापलेला. "हा घ्या ताई, पंचवीस हजारवाला. जेवढा आकडा मोठा तेवढा माऊस अचूक."

"बिलकुल न्हाई," मागून आवाज आला.

ती अर्पिता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बंदुकांचा कसलासा गेम खेळते. नुसती खेळत नाही, स्पर्धांना जाते, बक्षिसं आणते. परत आणणाऱ्या गिऱ्हाइकांची ती म्होरकी. हेडफोनची वायर घ्यायला आली होती आणि वायर राहिली बाजूला.

"मावशी, तो आकडा बघून घेऊ नका. तेवढ्या आकड्यावर टाचणीभर हात हलला तरी पडद्यावरचा बाण गावाबाहेर जातो. मी स्वतः आठशेवर खेळते. तुमाला तर त्याच्याहून कमी चालंल."

मी एकोणीस वर्षं आकडा दाखवून माऊस विकतोय. ही कालची पोर मला माझ्याच काउंटरवर शिकवत होती! पण ताई तिच्याकडे वळल्या होत्या.

"धरता कसा? दाखवा," अर्पिता म्हणाली. ताईंनी हात ठेवला. "हां, तुमचा पूर्ण पंजा टेकतो. मंग तुमाला पाठीला उंच पाहिजे, चपटा न्हाई. वजनाला हलका, म्हंजी मनगट दुखणार न्हाई. आन् खाली काय ठेवता?"

"परीक्षेचा पॅड. क्लिपवाला, पुठ्ठ्याचा."

"अरे देवा! त्याच्यावर माऊस पळतो लई, थांबत न्हाई. पळायला कडक पॅड बरा, थांबायला कापडी. तुमाला पळायचंय का थांबायचंय?"

"थांबायचं," ताई लगेच म्हणाल्या. "वळणावर थांबायचं."

"मलाबी तेच. समोरच्याचं डोकं मसुरीच्या डाळीएवढं दिसतं, बराबर तिथंच थांबावं लागतं. आपलं दोघींचं काम एकच आहे मावशी. फक्त तुमच्यात कोणी मरत न्हाई."

"मरतात बाई," ताई म्हणाल्या. "बांधावरून लई मरतात."

मग अर्पिताने स्वतःच कपाटातून एक मोठा कापडी पॅड काढला, कोपर टेकेल एवढा, आणि दिवा-बिवा नसलेला एक साधा काळा माऊस निवडला. ताईंनी तो धरून बघितला. बोटं जागेवर बसली. त्यांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं. मलाही बरं वाटलं. सौदा जमला, आता दोघी जातील, असं वाटलं.

तेवढ्यात ताईंनी पिशवीतून जुना माऊस काढून काउंटरवर ठेवला, मी शेवटचा बदलून दिलेला. "हा तुमाला वापस."

अर्पिताने तो उचलला. डाव्या बटणावर एक निळा ठिपका होता. तिने तो नखाने खरवडला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, हा तर माझा माऊस आहे."

मी तो घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

"ही माझी नेलपॉलिश आहे. बोट न बघता जागेवर बसावं म्हून मी लावली होती. एक दाबलं का दोन दाबल्या जातंय म्हून दिवाळीत वापस केल्ता. तुम्ही म्हणले, कंपनीला पाठवून देतो."

"असे ठिपके बऱ्याच माऊसना येतात," मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता जे खरं आहे ते सांगतो. माझ्या दुकानातच नाही, आमच्या धंद्यातच ही एक रीत पडून गेलीय. गेम खेळणारी पोरं बटणाची खोट काढून माऊस परत आणतात. त्यांना नवा द्यायचा. परत आलेला जर बऱ्यापैकी चालत असेल तर पुसून डब्यात घालायचा आणि बाजूला ठेवायचा, "कागदाच्या माणसांसाठी". म्हणजे कारकून, मास्तर, बाया. त्यांना काय कळतंय, त्यांना कुठे बंदूक चालवायचीय! तो निळा ठिपका मीही पाहिला होता. कंपनीचं डिझाईन असेल असं वाटून घेतलं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं. आणि ताईंना तीनदा बदलून दिलेले तिन्ही माऊस त्याच ढिगातले होते. तिन्ही.

अर्पिताने मला विचारलं सुद्धा नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरला तो माऊस लावला, क्लिक मोजायचं पान उघडलं आणि मोठ्याने मोजत बटण दाबायला लागली. ताई पडद्याकडे बघत होत्या. शंभर म्हणून ती थांबली. पडद्यावर एकशे सदतीस होते.

मग नवा लावला आणि तो ताईंच्या हातात दिला. ताईंनी शंभर वेळा दाबलं, ओठ हलवत, एकेक मोजून. पडद्यावर शंभर. त्यांनी आकडा पुसायला लावला आणि पुन्हा शंभर दाबले. पुन्हा शंभर. तिसऱ्यांदा दाबायला लागल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्या बटणावरचं बोट काढत नव्हत्या.

"मावशी, तुमचा हात एकदम बराबर आहे," अर्पिता म्हणाली. "आन् ते दोन-दोन बिंदू एकाच जागी पडलेत ना? एकावर एक?"

"हो."

"हात चुकला असता तर बिंदू सरकला असता. सरकला न्हाई, म्हंजी फक्त बटण चुकलं."

ताईंनी तिचा दंड धरला. "म्हंजी बांध सरकला न्हाई? कोणाचाच न्हाई?"

"कोणाचाच न्हाई."

ताई बाकावर बसल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मग त्या बोलल्या.

"मी हापिसात लिहून दिलं भाऊ. गेल्या महिन्यात. दोन गावांचे नकाशे माझ्या हातचे धरू नका म्हून. त्यांनी मागितलं नव्हतं, मीच दिलं. म्हणलं कोणाचा बांध माझ्या हातून इकडचा तिकडं झाला तर त्यांच्या लेकराबाळांचे तळतळाट घेऊ का? त्याच्यावरूनच सोमवारचं निघालं."

चूक नसताना या बाईने चूक कबूल केली होती, तीही लेखी. आणि मी, ज्याच्या हातून सगळं झालं, ठिपके बऱ्याच माऊसना येतात म्हणत होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. मी म्हणालो, "ताई, सोमवारी मी येतो तुमच्यासंगं. माझ्या माऊसचा दोष होता म्हून सांगतो साहेबाला."

"या," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी गेलो. सगळं सांगितलं. ताईंनी समोर बसून पान काढलं, एकही लाल खूण निघाली नाही, काम राहिलं. साहेबाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी सहन केली. ती माझ्या हिश्शाचीच होती. पण मला खाऊन टाकणारी गोष्ट ती नाही. ती शनिवारचीच, ताई दुकानातून निघत होत्या तेव्हाची.

नवा माऊस आणि पॅड मी पिशवीत घालून दिला. पैसे घेत नव्हतो, त्यांनी काउंटरवर ठेवलेच. अर्पिता दारात थांबली होती. ताई चपला घालता घालता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य.

"भाऊ, हा आता कोणाला?"

"काय ताई?"

त्यांनी बोटाने दाखवलं. मी खाली बघितलं. त्यांच्याशी बोलता बोलता मी निळ्या ठिपक्याचा माऊस फडक्याने पुसला होता. त्याची वायर गुंडाळून तारेने बांधली होती. तो डब्यात घातला होता आणि डब्याचं झाकण लावत होतो. यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं.

"कोणालाच न्हाई ताई," मी म्हणालो.

"मंग डब्यात कशाला घातला?"

डबा माझ्या हातात होता आणि झाकण लागून गेलं होतं.